एमआरआयच्या बोगद्यात घाबरायला होते? बंद जागेची भीती आणि आवाज यांची तयारी अशी करा

"मला एमआरआय करायला सांगितला आहे, पण बंद जागेत माझा जीव घाबरा होतो. जमेल का?" हा प्रश्न रुग्णांनी आधी विचारायला हवा, पण बहुतेक वेळा तो टेबलावर झोपल्यानंतर पुढे येतो. डोक्यावर कॉइल बसते, टेबल आत सरकू लागते आणि रुग्ण म्हणतो, "थांबा, मला बाहेर काढा." मग त्या दिवशीची तपासणी राहून जाते. नवी तारीख घ्यावी लागते, पुन्हा रजा टाकावी लागते, गावाहून येणाऱ्यांना पुन्हा प्रवास करावा लागतो. आणि ज्या निदानासाठी हे सगळे चालले होते, ते आणखी लांबते.

ही भीती आधी सांगितली तर तिच्यावर बरेच उपाय करता येतात. ऐन वेळी सांगितली तर थोडेच हातात उरतात. म्हणून हा लेख तपासणीच्या आधी वाचा आणि शक्य असल्यास सोबत येणाऱ्या नातेवाइकालाही वाचायला द्या.

ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे

लिफ्टमध्ये, गर्दीच्या लोकलमध्ये किंवा बंद खोलीत ज्यांना आधीपासून अस्वस्थ वाटते, त्यांना एमआरआयची भीती वाटणे साहजिक आहे. पण ज्यांना आयुष्यात कधीच असा त्रास झाला नाही, अशांनाही यंत्रात पहिल्यांदा घाबरायला होऊ शकते. कारण तिथे अनेक गोष्टी एकाच वेळी घडतात. जागा अरुंद असते, हलायचे नसते, आवाज मोठा असतो, कोणी जवळ नसते आणि मनात "रिपोर्टमध्ये काय निघेल" ही काळजी आधीच असते.

अशा वेळी मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, घाम येतो, श्वास जलद होतो. श्वास फार जलद घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, गरगरते आणि गंमत म्हणजे श्वास पुरत नाही असेच वाटते. प्रत्यक्षात हवा कमी झालेली नसते. ही लाट काही मिनिटांत शिगेला पोहोचते आणि मग ओसरू लागते. हे आधी माहीत असले की "आता मला काहीतरी होणार" हा विचार थोडा सैल पडतो.

बोगदा प्रत्यक्षात कसा असतो?

अनेकांच्या मनात एमआरआय म्हणजे झाकण लावलेली पेटी असते. तसे नाही. तो दोन्ही बाजूंनी उघडा असलेला, आडवा, रुंद नळीसारखा भाग असतो. जुन्या यंत्रांत त्याचा व्यास साधारण ६० सेंटिमीटर असतो, नव्या रुंद यंत्रांत साधारण ७० सेंटिमीटर. आत दिवा असतो आणि हवेसाठी पंखा असतो.

तुमच्या हातात एक रबरी बल्ब दिला जातो. तो दाबला की बाहेर सूचना जाते. बाहेर काचेपलीकडे बसलेले तंत्रज्ञ तुम्हाला पाहत असतात आणि माइकवरून तुमच्याशी बोलू शकतात. गरज पडल्यास टेबल काही क्षणांत बाहेर घेता येते. "मध्येच लाइट गेली तर मी आत अडकेन का?" असे बरेच जण विचारतात. वीज गेली तरी टेबल हाताने बाहेर ओढता येते. तुम्ही आत कोंडले जात नाही.

तपासणी कोणत्या भागाची आहे यावर तुम्ही किती आत जाल हे ठरते. गुडघा, घोटा किंवा पाऊल यांच्या एमआरआयमध्ये सहसा पाय आधी आत जातात आणि डोके बाहेर किंवा तोंडाशी राहते. मेंदू, मान, खांदा यांच्या तपासणीत मात्र डोके यंत्राच्या मध्यभागी असते. मेंदूच्या तपासणीत चेहऱ्यावर जाळीसारखी कॉइल येते, आणि बऱ्याच जणांना बोगद्यापेक्षा हिचीच जास्त भीती वाटते. अनेक कॉइलवर छोटा आरसा बसवता येतो. त्यातून पायांकडची मोकळी खोली दिसते. आरसा आहे का, हे जरूर विचारा.

एमआरआयमध्ये एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण वापरले जात नाहीत. चुंबक आणि रेडिओ लहरी वापरल्या जातात. तपासणी दुखत नाही. कधीकधी अंग थोडे गरम वाटते, ते चालते. पण एखाद्या जागी चटका बसल्यासारखे वाटले तर लगेच बल्ब दाबा.

एवढा आवाज कशाचा?

यंत्राचा मुख्य चुंबक कायम चालू असतो, पण मोठा आवाज त्याचा नसतो. शरीरातील नेमक्या जागेची प्रतिमा घेण्यासाठी आणखी काही कॉइल वापरतात. त्यांतून जाणारा वीजप्रवाह एका सेकंदात अनेक वेळा बदलला जातो. शक्तिशाली चुंबकाच्या सान्निध्यात प्रवाह असा बदलला की त्या कॉइलना धक्के बसतात आणि त्या थरथरतात. लाउडस्पीकरचा पडदा ज्या तत्त्वाने हलतो, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडते. म्हणजे खडखडाट झाला म्हणून यंत्र बिघडले असे नाही. आवाज येतो आहे याचा अर्थ तुमची प्रतिमा घेतली जात आहे.

आवाज एकसारखा नसतो. कधी दारावर कोणी ठोठावल्यासारखा, कधी ड्रिल मशीनसारखा, कधी भोंग्यासारखा, कधी पत्र्यावर गारा पडल्यासारखा. प्रत्येक प्रकारच्या प्रतिमेसाठी वेगळा आवाज असतो आणि तो साधारण दोन ते सहा मिनिटे चालतो. मग थोडी शांतता, मग दुसरा आवाज. त्या शांततेतही पाखराच्या चिवचिवाटासारखा लयबद्ध आवाज ऐकू येतो. तो चुंबक थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचा असतो.

आवाजाची पातळी काही वेळा १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर जाते. जवळून ढोल-ताशे ऐकल्यासारखे समजा. म्हणून कानांचे संरक्षण प्रत्येकाला, अगदी बेशुद्ध रुग्णालाही, लागते. ते दिले नसेल तर मागून घ्या. संकोच करू नका.

फोमचे इयरप्लग नुसते कानाशी ठेवून उपयोग होत नाही. ते असे बसवा:

• इयरप्लग बोटांत वळून बारीक करा.
• दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा.
• प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, साधारण अर्धा मिनिट, बोटाने धरून ठेवा.
• स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू आला तर प्लग नीट बसला आहे.

नीट बसवलेला प्लग आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने कमी करतो. त्यावर हेडफोन मिळत असतील तर तेही लावा. काही ठिकाणी हेडफोनवर गाणी लावण्याची सोय असते. स्वतःचे इयरफोन मात्र आत नेता येत नाहीत.

तारीख घेताना काय सांगावे?

फोनवर किंवा खिडकीवर तारीख घेताना पुढील गोष्टी स्पष्ट सांगा:

• "मला बंद जागेची भीती आहे" किंवा "मागच्या वेळी मी अर्ध्यावर बाहेर आलो होतो."
• कानात आवाज येण्याचा त्रास, कमी ऐकू येणे, मोठ्या आवाजाने मायग्रेन होणे.
• पाठ किंवा मान दुखत असल्याने सरळ झोपता येत नाही, किंवा आडवे झाल्यावर दम लागतो.
• पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील क्लिप, शरीरातील कोणतीही धातूची वस्तू, गर्भधारणा, मूत्रपिंडाचा आजार. हे भीतीशी संबंधित नसले तरी सुरक्षिततेसाठी सांगणे आवश्यकच आहे.

मग तुमच्या बाजूने हे प्रश्न विचारा:

• तपासणीला किती वेळ लागेल? साधारणपणे २० ते ४५ मिनिटे लागतात. इंजेक्शन द्यायचे असेल किंवा एकाहून अधिक भाग असतील तर जास्त.
• डोके आत जाईल की पाय?
• यंत्र रुंद बोगद्याचे आहे का?
• नातेवाईक आत थांबू शकतील का?
• गर्दी कमी असलेली वेळ मिळेल का? घाबरणाऱ्या रुग्णाला समजावून सांगायला तंत्रज्ञांना दहा मिनिटे जास्त मिळाली तर खूप फरक पडतो.

घरी तीन-चार दिवस सराव करा

तपासणीला काही दिवस असतील तर त्यांचा उपयोग करून घ्या. जमिनीवर चटई टाकून उताणे झोपा, हात बाजूला सरळ ठेवा. मोबाइलवर एमआरआयच्या आवाजाचे व्हिडिओ सहज मिळतात. तो आवाज आधी लहान ठेवा, मग हळूहळू वाढवा. पहिल्या दिवशी पाच मिनिटे न हलता पडून राहा, मग दहा, मग वीस. जमले तर एखाद्या दिवशी डायनिंग टेबलाखाली झोपून हाच सराव करा. घाबरायला झाले तर उठून पळू नका. श्वास संथ करा, अस्वस्थता थोडी उतरेपर्यंत थांबा आणि मग उठा. "मी थांबलो आणि ती उतरली" हा अनुभव शरीराने एकदा घेतला की पुढची वेळ सोपी जाते.

श्वासाची सोपी पद्धत अशी: नाकाने चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा आकडे मोजेपर्यंत सावकाश सोडा. भर सोडण्यावर ठेवा. खूप खोल श्वास ओढण्याची गरज नाही.

ज्यांना दर काही महिन्यांनी एमआरआय करावा लागतो, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे या भीतीवर रीतसर उपचार घेणे फायद्याचे ठरते. भीतीच्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची ही पद्धत प्रभावी आहे.

तपासणीच्या दिवशी

• अर्धा तास आधी पोहोचा. धावतपळत आल्यावर धडधड आधीच वाढलेली असते.
• सकाळपासून चहा-कॉफी कमी घ्या. उपाशी राहायचे का, हे केंद्राला विचारा. प्रत्येक तपासणीला उपास लागत नाही.
• नेहमीची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. कंबरदुखी असेल तर वेदनाशामक आधी घ्यावे का, हे विचारून ठेवा. भीतीपेक्षा दुखण्यामुळेही अनेक जण हलतात.
• मंगळसूत्र, बांगड्या, कानातले, जोडवी, साडीची पिन, केसांच्या पिना, ताईत, घड्याळ, बेल्ट हे सगळे काढावे लागते. घट्ट बसलेली जोडवी किंवा अंगठी घरीच साबण लावून काढून ठेवा. नाही तर ऐन वेळी त्यावरच ताण वाढतो.
• लघवीला जाऊन या.
• टेबलावर चढण्याआधी यंत्र एकदा चारही बाजूंनी पाहून घ्या. ते दोन्हीकडून उघडे आहे हे डोळ्यांनी पाहिलेले उपयोगी पडते.
• बल्ब एकदा दाबून पाहा. तो चालतो याची खात्री झाली की आत धीर राहतो.
• गुडघ्यांखाली उशी आणि अंगावर पांघरूण मागा. खोली थंड असते.

आत असताना काय करावे?

डोळे टेबल हलण्याच्या आधीच मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका. हा उपाय फार साधा आहे आणि सगळ्यात उपयोगी पडतो. आत गेल्यावर डोळे उघडले आणि छत नाकाजवळ दिसले की घाबरायला होते. मोह होईल असे वाटत असेल तर डोळ्यांवर घडी केलेला रुमाल ठेवायला सांगा. तारेची पट्टी असलेला मास्क मात्र चालत नाही.

तंत्रज्ञांना सांगा, "प्रत्येक आवाजाआधी तो किती मिनिटांचा आहे ते मला सांगा." पाऊण तास हा शब्द मोठा वाटतो, पण "आता चार मिनिटे" हे निभावता येते. प्रत्येक आवाज संपला की एक टप्पा पार पडला असे समजा.

मन कुठेतरी गुंतवा. मनातल्या मनात पाढे म्हणा, नामस्मरण करा, किंवा एसटी स्टँडपासून आपल्या गावच्या घरापर्यंतची वाट एकेक वळण आठवत चाला. फक्त ओठ आणि जबडा हलवू नका, कारण मेंदू आणि मानेच्या प्रतिमा त्यामुळे अस्पष्ट होतात. आवाज सहन होत नसेल तर त्याच्याशी भांडू नका. त्याचे ठोके मोजा. मोजायला घेतला की तो थोडा दूर जातो.

हलायचे, खोकायचे किंवा आवंढा गिळायचा असेल तर शक्यतो दोन आवाजांमधल्या शांततेत करा. टेबलावर शरीराची जागा मात्र बदलू नका. पोटाच्या तपासणीत श्वास रोखायला सांगतात, तेव्हा मोजण्याची पद्धत बाजूला ठेवून सूचनेप्रमाणे करा. हाताची घडी घालू नका, एक पाय दुसऱ्यावर ठेवू नका. त्वचेला त्वचा टेकून विजेचे वर्तुळ पूर्ण झाल्यास तिथे चटका बसू शकतो.

बल्ब दाबणे म्हणजे हरणे नव्हे. पण घाबरायला लागताच आधी पाच संथ श्वास घ्या. तरीही सहन होत नसेल तर दाबा. कधी कधी तंत्रज्ञांचा आवाज ऐकला, "अजून दोनच राहिले" हे कळले, की पुढे जाता येते.

गोळी, गुंगी आणि भूल

वरील उपाय पुरे पडत नसतील तर औषधांची मदत घेता येते. तपासणी लिहून देणारे डॉक्टर चिंता कमी करणारी गोळी एका वेळेपुरती देऊ शकतात. ती किती वेळ आधी घ्यायची हेही तेच सांगतील. काही नियम पक्के लक्षात ठेवा:

• शेजाऱ्याची किंवा घरात पडून असलेली झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.
• झोपेत श्वास अडकणे, जोरात घोरणे, दमा किंवा फुप्फुसांचा आजार, यकृताचा आजार, गर्भधारणा, दारूचे सेवन, इतर झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक औषधे यांबद्दल आधी सांगा. अशा स्थितीत ही गोळी श्वास मंदावू शकते.
• ज्येष्ठांमध्ये या गोळीने तोल जाणे किंवा गोंधळल्यासारखे होणे संभवते. त्यांना एकटे सोडू नका.
• गोळी घेतल्यावर त्या दिवशी स्कूटर किंवा गाडी चालवू नका. सोबत कोणीतरी असलेच पाहिजे.

गोळीनेही जमत नसेल तर भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गुंगी किंवा पूर्ण भूल देऊन एमआरआय करता येतो. त्यासाठी उपाशी राहावे लागते, काही चाचण्या लागतात, खर्च वाढतो आणि नंतर काही तास थांबावे लागते. म्हणूनच हे आधी ठरवावे लागते. त्याच दिवशी मागणी केल्यास बहुतेक ठिकाणी शक्य होत नाही.

ओपन एमआरआय हा पर्याय आहे का?

बाजूंनी मोकळी असलेली ओपन यंत्रे काही शहरांत मिळतात. तीव्र भीती किंवा जास्त वजन असलेल्यांना ती सोयीची असतात. पण त्यांतील बऱ्याच यंत्रांचा चुंबक कमी शक्तीचा असतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि बारीक तपशील तितके स्पष्ट दिसत नाहीत. काही आजारांसाठी एवढे पुरते, काहींसाठी नाही. म्हणून स्वतः ठरवून दुसरीकडे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांचे काम रुंद बोगद्याच्या यंत्रात होते. एमआरआयऐवजी सीटी किंवा सोनोग्राफी चालेल का, हेही आजारावरच अवलंबून असते.

नातेवाइकांसाठी

"एवढे काय घाबरायचे, लहान मुलेही करतात" असे म्हणू नका. त्याने भीती कमी होत नाही, फक्त ती बोलून दाखवणे बंद होते. त्यापेक्षा "मी इथेच आहे, नको वाटले तर बल्ब दाब" एवढे पुरे.

केंद्राने परवानगी दिल्यास तुम्ही आत बसून रुग्णाच्या पायाला हात लावून धरू शकता. त्या स्पर्शाचा मोठा आधार वाटतो. तुम्हालाही इयरप्लग लावावे लागतील आणि अंगावरील सर्व धातू, मोबाइल, चाव्या, बँकेची कार्डे बाहेर ठेवावी लागतील. चुंबक कायम चालू असतो हे विसरू नका. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. धोका बोगद्यात झोपण्याचा नसतो, तर बाहेरून लोखंडी वस्तू आत नेण्याचा असतो. तंत्रज्ञांना विचारल्याशिवाय काहीही आत नेऊ नका.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या रुग्णाला ते काढावे लागते, म्हणजे माइकवरील सूचना ऐकू येणार नाहीत. खुणेने किंवा पायाला स्पर्श करून कसे कळवायचे, हे तंत्रज्ञांशी आधी ठरवून घ्या. लहान मुलांना आवाजाचा खेळ म्हणून घरी सराव करून घ्या. तान्ह्या बाळांची तपासणी दूध पाजून, गुंडाळून, झोपलेले असताना अनेकदा होते. मधल्या वयाच्या मुलांना गुंगी लागू शकते.

अर्ध्यावर थांबावे लागले तर?

निराश होऊ नका. पूर्ण झालेल्या प्रतिमा वाया जात नाहीत. काही वेळा तेवढ्यावरही डॉक्टरांना उत्तर मिळते. म्हणून सुरुवातीलाच "सगळ्यात महत्त्वाच्या प्रतिमा आधी घ्या" अशी विनंती करता येते. बाहेर येऊन पाणी प्या, पाच मिनिटे बसा आणि पुन्हा प्रयत्न करता येईल का ते विचारा. नाहीच जमले तर नेमके काय असह्य झाले ते लिहून ठेवा: कॉइल, आवाज, दुखणे की एकटेपणा? पुढच्या वेळचा उपाय त्यावरून ठरतो. डॉक्टरांना न सांगता तपासणी सोडून देणे मात्र धोक्याचे आहे. ज्या शंकेसाठी ती सांगितली होती, ती शंका तशीच राहते.

तपासणीनंतर थोडा वेळ कान बधिर वाटू शकतात. कानातला आवाज किंवा कमी ऐकू येणे दुसऱ्या दिवशीही राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

तारीख घेताना एक वाक्य न विसरता बोला: "मला आत भीती वाटते, काय करता येईल?" पुढची तयारी त्यामुळेच सुरू होते.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या आजाराबाबत आणि औषधांबाबत निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.